जिन्नस क्रमांक अमुक

त्यांच्या कागदांत विमानाला विमान म्हणत नाहीत.
‘इझ्देलिये’ म्हणतात, आणि पुढे एक आकडा.
कोशात अर्थ: घडवलेली वस्तू, नग, माल.
मी मनात म्हणायचे, जिन्नस.
बॅलार्ड इस्टेटच्या ऑफिसात पंख्याखाली कागद दाबून
अकरा महिने मी उतरवत होते
जिन्नसाचे पंख, जिन्नसाची शेपटी,
जिन्नसाची जमिनीवरची वागणूक.
आकडा सांगणार नाही. सही केली होती.
ज्या देशासाठी केली तो उरला नाही,
पण सही माझीच आहे.

दुसरा शब्द ‘ओत्काझ’.
म्हणजे बिघाड.
म्हणजे नकारसुद्धा. दोन्हीला एकच.
‘उजव्या इंजिनाचा ओत्काझ झाल्यास’ –
मी समासात पेन्सिलीनं लिहिलं,
उजवं नाही म्हणालं, तर डाव्याची समजूत घालत घरी यावं.
कुलाबावाला साहेबांनी खोडलं.
रबराचा भुगा फुंकून म्हणाले, बाई, हे मॅन्युअल आहे.

मग कागद यायचे थांबले.
माणसं येऊ लागली, रिकाम्या सुटकेसी घेऊन.

त्र्याण्णवचा नोव्हेंबर. आर्काडी ल्वोविच,
वय अठ्ठावन्न, लोकरी टोपी खिशात कोंबलेली.
त्यांनी आधी वडिलांचं नाव विचारलं. गजानन, म्हटलं.
‘तर तुम्ही कुमुद गजाननोव्ना.’
आमच्यातही मधे बापच असतो, म्हटलं,
फक्त त्याला शेपूट लावत नाही.

धारावीत पीरभाईंच्या दुकानाचं शटर नवं कोरं होतं.
का नवं, ते त्यांनी विचारलं नाही
आणि तेवढं भाषांतर माझं वाचलं.
चामड्याची जाकिटं. चाळीस. सहाशेवीसवरून घासाघीस.
मी दोन्ही बाजूंनी खोटं बोलत होते, दुभाषी बोलतात तेवढं.
आणि आर्काडी ल्वोविच एकाएकी गप्प.
त्यांनी बाहीत हात घातला, कोपरापर्यंत,
डोळे मिटून आतून चाचपत राहिले.
‘हा बाक कुणी काढला?’

सेल्वम, वय एकोणीस, कात्री मांडीवर.

बारा वर्षं, त्यांनी मला सांगितलं, मी फक्त घसा केला.
जिन्नसाचा घसा. हवा आत जाते तो.
सरळ ठेवला तर समोरच्या रडारला इंजिनाची पाती दिसतात.
म्हणून वळवायचा. पण जास्त वळवला तर हवा रुसते,
आणि मग ओत्काझ.
सेल्वम तमिळमध्ये म्हणाला, कोपराचंही तसंच असतं, सार.
हे पीरभाईंनी हिंदीत आणलं, मी रशियनमध्ये.
त्यानंतर त्या दोघांना आमची गरज पडली नाही.
खडूनं फरशीवर रेघा.
चहा निवला. भाव पाचशेचाळीसवर
आपोआप येऊन बसला.

टॅक्सीत विचारलं, तो उडाला का?
‘पळाला,’ म्हणाले. ‘धावपट्टीवर एकदा. नाक थोडं उचललं,
मग ब्रेक.
इंधनाचे पैसे नाहीत. आठ महिने पगार नाही.
हँगरमध्ये आहे. रोज जाऊन धूळ पुसतो.’
माहीमच्या खाडीचा वास आला तशी त्यांनी काच वर केली,
मग माझ्याकडे बघून पुन्हा खाली केली.

सहारला वजन जास्त भरलं.
खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, नग किती?
मी भाषांतर केलं. शब्द तोच आला तोंडात,
दुसरा सुचलाच नाही.
आर्काडी ल्वोविच क्षणभर ताठ उभे राहिले,
कुणी आकडा विचारल्यासारखे.
मग म्हणाले, एकोणचाळीस. एक इथे राहील.

आता मुंबईत चामड्याचं जाकीट कोण घालतं?
दर ऑगस्टात त्यावर पांढरी बुरशी धरते,
मी खोबरेल लावून पुसते.
टीव्हीवर कधी तिकडचं नवं काही उडताना दाखवतात,
निवेदक त्याला नावानं हाक मारतो.
मी घसा बघायला जाते, तोवर ते गेलेलं असतं.

बाहीत डोळा लावून बघितलं
तर मनगटाकडचा उजेड दिसत नाही.